शेतात तणमोराचे घरटे आढळल्यास

अकोला-वाशीम भागातील ई-क्लास (सरकारी चराईच्या) गवताळ जमिनींवर आणि त्यांना लागून असलेल्या सोयाबीन-मुगाच्या शेतांत पावसाळ्यात तणमोर वीण करतो. माळढोकाच्या कुळातील हा पक्षी आज अतिसंकटग्रस्त असून त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ चे संरक्षण आहे.

विणीच्या काळातला नर ओळखायला अवघड नाही. काळेभोर अंग, पंखांवर पांढरा पट्टा, डोक्यामागे टोकाशी पसरट झालेले पिसांचे तुरे, आणि बेडकासारखा आवाज करीत गवतातून एकाएकी दीड-दोन मीटर सरळ वर घेतलेली उडी. अशा उड्या तो दिवसभरात शेकडो वेळा मारतो. मात्र घरटे शोधताना नराचा उपयोग नाही, कारण अंडी उबवणे आणि पिल्ले वाढवणे ही सारी कामे मादी एकटीच करते. मातकट रंगाची, काळसर ठिपक्यांची ही मादी जमिनीवरच्या उथळ खळग्यात बहुधा तीन-चार अंडी घालते आणि माणूस अगदी पायाशी येईपर्यंत हलत नाही. त्यामुळे डवरणी (कोळपणी) किंवा निंदण करताना ती अचानक पायाखालून उडाली, तर तिथेच थांबावे आणि पुढचे पाऊल नीट पाहून टाकावे.

अंड्यांना हात लावू नये. खूण म्हणून काठी किंवा फडके अंड्यांजवळ न लावता, दूर धुऱ्यावर (बांधावर) लावावे आणि आल्या वाटेने परत फिरावे. मादी पुन्हा बसली की नाही हे पाहण्याचा मोह आवरणे सर्वांत कठीण, पण तेच सर्वांत गरजेचे असते. घरट्याभोवती वीस-पंचवीस पावलांचा तुकडा डवरणी, फवारणी आणि चराई यांतून वगळावा. अंडी उबायला सुमारे तीन आठवडे लागतात, तेवढे दिवस शेतातले कुत्रे बांधून ठेवावे.

त्याच दिवशी वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. फोटो आणि ठिकाण मोबाईलवरच्या गटांत टाकू नये, कारण हौशी छायाचित्रकारांची गर्दी मादीला घरटे सोडायला लावू शकते. मूग तोडणीला आला आणि पिल्ले अजून शेतातच असली, तर तोडणी एका बाजूने सुरू करून गवताच्या दिशेने सरकावे, म्हणजे मादीला पिल्ले घेऊन त्या आडोशाला जाता येते.