मर्यादवेलीवरचे भुंगे मोजायला निघालेल्यांसाठी

कोल्हापुरात राहून किनाऱ्यावरच्या भुंग्यांवर प्रोजेक्ट करता येतो. मात्र पहाटेची एसटी धरून मालवण गाठायचं आणि सकाळची फुलं बघायची, हा विचार डोक्यातून काढा. मर्यादवेल म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत पसरणारी वेल. तिचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारी मिटायला लागतं. गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट उतरून पोचेपर्यंत कामाची वेळ गेलेली असते. आदल्या दिवशीच मुक्कामाला जा.

आता मुख्य गोष्ट. वहीत ‘भेट’ लिहिण्याआधी भुंगा फुलाच्या नेमक्या कुठल्या बाजूला आहे ते बघा. झायलोकोपा, म्हणजे लाकूड पोखरून घर करणारा आपला काळा भुंगा, कधी फुलाच्या नरसाळ्यात सरळ आत उतरतो. कधी तो बाहेरून बुडाशी बसतो, पाकळ्यांच्या नळीला चीर पाडतो आणि तिथूनच मकरंद ओढतो. तेव्हा पुंकेसरांना किंवा कुक्षीला तो शिवतही नाही. ही चोरी आहे, परागीभवन नाही. चार हातांवरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं, आणि यानेच मला रडवलंय. वहीत भेटी भरमसाट, वेलीवर फळं मोजकी, आणि कारण काही केल्या सापडत नाही. म्हणून पुन्हा सांगते, भुंगा फुलावर बसला एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तो उडाल्यावर फूल हळूच वाकवून बुडाच्या हिरव्या निदलांच्या जरा वर बघा. बारीक उभी चीर दिसेल, जुनी असेल तर कडा तपकिरी पडलेल्या. त्याच चिरेतून पुढे छोट्या माश्याही फुकटात मकरंद पितात. ‘आतून’ आणि ‘बाहेरून’ असे दोन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा, मागाहून आठवून ते भरता येत नाहीत.

आत शिरलेला प्रत्येक भुंगाही उपयोगाचा नसतो. मागच्या पायांवर चोपून बसवलेले पराग पिल्लांसाठी घरी जातात. त्याला झटकता न आलेले, केसांत अडकून राहिलेले पराग पुढच्या फुलाच्या कामाचे. वाळूत पसरणाऱ्या, अबईच्या कुळातल्या कॅनाव्हेलिया रोझियावर हे छान दिसतं. तिचं फूल उलटं असतं. भुंगा खालच्या मोठ्या पाकळीवर उतरतो, जोर लावून आत घुसतो, तेव्हा वरून पुंकेसर येऊन थेट त्याच्या पाठीला टेकतात.

खात्री हवी तर संध्याकाळी कळ्यांना जाळीच्या पिशव्या बांधा. सकाळी एक पिशवी काढा, एकच भेट होऊ द्या, परत बांधा आणि फळ धरतं का बघा. सोबत तुलनेला कायम झाकलेली फुलं आणि हाताने पराग लावलेली फुलंही हवीतच. हे काम कंटाळवाणं आहे, पण याला आडवाट नाही. मोबाईलच्या ॲपवर एक फोटो टाकून जात ठरवणं तर सोडूनच द्या. काळे भुंगे उडताना सगळे सारखेच दिसतात.

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा बाई किंवा सर वाळूत सोबत उभे राहतात का, ते विचारा. माझं ठाम मत आहे की एक सकाळ सोबत बसून बघणारा माणूस दहा पेपर पाठवणाऱ्यापेक्षा जास्त शिकवतो.

घाबरू मात्र नका. तोंडासमोर घोंघावत राहणारा भुंगा बहुतेक वेळा नर असतो, आणि नराला नांगी नसते. मादीही मुठीत धरल्याशिवाय सहसा डसत नाही. डोळ्याला सवय करायला समुद्रही लागत नाही. कोल्हापूरभोवती पडीक माळावर रुई भरपूर आहे. तिथे भुंग्याच्या पायांना चिकटलेले पिवळे परागपिंड, म्हणजे एकत्र चिकटलेल्या परागांचे गठ्ठे, दुर्बिणीतून ओळखायला शिका, मगच किनाऱ्यावर उतरा.

आणि पिशव्यांची गाठ पक्की मारा, खुणेची चिठ्ठी पेन्सिलने लिहा. खाऱ्या दमटपणात शाई फुटते, आणि कुठली कळी कुठल्या प्रयोगाची हे सांगायला वेलीवर दुसरं काहीच उरत नाही.