ओटा-फरशी कापताना धूळ फुफ्फुसात जाऊ नये म्हणून काय करायचं

ग्रॅनाइट कापणाऱ्या पोरांना मास्क लाव म्हटलं की उत्तर ठरलेलं, "काय नाय होत, दहा वर्षं हेच करतोय." होतं ओ, फक्त उशिरा कळतं.

जाड धूळ नाकात-घशात अडकते आणि खाकरून निघून जाते. खरा घोळ दगडातल्या सिलिका या खनिजाच्या ५ मायक्रॉनहून (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक धुळीचा, ती डोळ्याला दिसतही नाही आणि थेट वायुकोशांत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक फुग्यांत, जाऊन बसते. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी झाडलोट करत फिरत असतात, जंतू दिसला की गिळायचा आणि पचवायचा. सिलिकाचा कण पण गिळतात, पण दगड पचणार कसा? उलट पेशीच्या आतली पचवायची पिशवीच फुटते, पेशी मरते, कण परत बाहेर, मग दुसरी येऊन तोच कण गिळते आणि तीही मरते. मरताना ज्या रासायनिक हाका जातात त्याने सूज येते, व्रण धरतात, गाठी होतात. हाच सिलिकोसिस. काम सोडलं तरी आतले कण तिथेच, त्यामुळे तो वाढत राहू शकतो, आणि बरं करणारं औषध नाही. वर राखणदारच अर्धमेले म्हणून टीबीही पटकन गाठतो.

तर पहिली गोष्ट, कोरडं कापायचं नाही. पोरगा बाटलीने पाणी ओततो ते ठीक, पण पाण्याची नळी जोडता येते असाच कटर घ्या, आणि पाणी-करंट एकत्र येणार म्हणून लाइनला ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच. चिखल ओला असतानाच पुसा, वाळल्यावर झाडू मारलात तर सगळं मुसळ केरात.

रुमाल-गमछ्याने ही धूळ अडत नाही. एन-९५ लावा, नाकावरची पट्टी दाबून बसवा, दाढी असेल तर कडेने हवा शिरते म्हणून ती काढा (इथेच सगळ्यांची भांडणं होतात!). कामाचे कपडे घरात झटकू नका.

कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झच्या स्लॅबला तर जास्तच जपा, त्यात सिलिका ९० टक्क्यांच्या वर असू शकते, ग्रॅनाइटमध्ये साधारण ३०. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असे स्लॅब बंदच केले.

खोकला, दम सुरू झाला तर डॉक्टरला आधी "मी दगड कापतो" हे सांगा, कारण एक्स-रेवर हे टीबीसारखं दिसू शकतं आणि नुसत्या टीबीच्या गोळ्यांवर महिने निघून जातात.