डॅनिश राजाचा ‘असं झालं असतं तर’ इतिहास लिहायचाय? मग असं लिहा

सोलापुरात चार इतिहासवेडे एकत्र बसले की ‘पानिपत जिंकलं असतं तर’ हा विषय निघतोच, आणि तो आता चघळून चघळून चोथा झालाय. त्यापेक्षा डेन्मार्कचा चौथा ख्रिश्चन घ्या ओ. 1588 साली, 11 पूर्ण व्हायच्या आधीच गादीवर आला तो 1648 पर्यंत राजा, म्हणजे खेळायला मैदान मोठं. शिवाय 1620 मध्ये त्याच्या माणसांनी तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला ठाणं टाकलं, आणि पुढे 1670 च्या दशकात त्याच तंजावरात आपले व्यंकोजीराजे आले. मराठी माणूस ओढूनताणून घुसवायला लागत नाही.

पहिलं काम म्हणजे बदल एकच करायचा, आणि तो छोटा. तेव्हा जर्मनीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांचं तीस वर्षांचं युद्ध चालू होतं आणि हा प्रोटेस्टंटांकडून उतरला होता. सगळे काय करतात, त्यातली 1626 ची लुटरची लढाई त्याला जिंकून देतात. खऱ्या इतिहासात कॅथलिक सेनापती टिलीने त्याला तिथं साफ झोपवलं. पण जिंकवला की अख्ख्या जर्मनीचा नकाशा नव्याने काढत बसा, आणि पलीकडे सम्राटाचा सेनापती वालेन्स्टाइन फौज घेऊन बसलाय त्याचं काय करणार? मी सांगतो तो धागा पकडा. 1625 च्या उन्हाळ्यात हामेल्न गावाच्या तटावरून हा राजा घोड्यासकट खाली कोसळला होता, बेशुद्ध पडला होता, हे खरंय बरं का. खरा ख्रिश्चन त्यातून उठला आणि युद्ध रेटत राहिला. तुमचा ख्रिश्चन मांडी मोडून सहा महिने खाटेवर ठेवा. त्याच्या राज्यमंडळाला हे युद्ध नकोच होतं, तो होल्स्टाइन या जर्मन मुलखाचा ड्यूक म्हणून उतरला होता, त्यामुळे राजा आडवा झाला की फौज माघारी, हे वाचकाला लगेच पटतं.

आता पैसा. इथंच बहुतेकांची टाइमलाइन गंडते. डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधल्या ओरेसुंदच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांचा टोल थेट राजाच्या खिशात जायचा, तरी युद्धांनी तो इतका कफल्लक झाला की मेला तेव्हा राजमुकुट हॅम्बुर्गला गहाण पडलेला. युद्ध टळलं की हा पैसा वाचला, पण म्हणून राजाला लगेच काटकसरी करू नका, बांधकामाचं त्याला जाम वेड, निम्मा पैसा राजवाडे आणि बुरुजांत जाणारच, आणि स्वीडनशी खुमखुमी तर हाडात होती. 1644 च्या नाविक लढाईत त्याचा एक डोळा गेला, तो तुमच्या कथेत वाचवायचा की नाही तुम्ही बघा. स्वभावाला मात्र हात लावू नका.

उरलेला पैसा तरंगमबाडीला पाठवा. 1643 नंतर 1669 पर्यंत डेन्मार्कहून तिथं एकही जहाज आलं नव्हतं, किल्ल्यातली मूठभर माणसं आपापलं बघत जगली. तुमच्या कथेत जहाजं येत राहिली तर व्यंकोजींना समोर भिकेला लागलेलं ठाणं दिसणार नाही, दारूगोळ्यानं भरलेलं बंदर दिसेल, आणि मग खंडणी, तह, रुसवेफुगवे सगळं वेगळं. इथं मनसोक्त लिहा, मजा इथंच आहे. फक्त उत्साहाच्या भरात डॅनिश आरमार आपल्या सोलापूरच्या भुईकोटाच्या खंदकात आणू नका.

वारसाचं पटकन उरका. थोरला राजपुत्र ख्रिश्चन बापाआधी 1647 मध्ये गेला म्हणून धाकटा फ्रेडरिक गादीवर आला. थोरला जगवला तर तो ‘पाचवा ख्रिश्चन’ होतो आणि पुढचे सगळे नंबर सरकतात, आधीच कागदावर मांडून घ्या. त्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे फ्रेडरिकला फार लांब पाठवू नका.

तारखांचं एक लक्षात ठेवा, 1700 पर्यंत डेन्मार्कात जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं, जर्मनीतल्या कॅथलिकांपेक्षा 10 दिवस मागे, म्हणून एकाच लढाईच्या दोन तारखा सापडतात. एक्सेलमध्ये दोन वेगळे कॉलम करा, नाहीतर कॉमेंटमध्ये शिवजयंतीसारखी तारीख की तिथी जुंपायची.