गोडोचं संदर्भपान कुठून सुधारायचं: माझा अनुभव

इंदूरला रामबागेत आम्ही मुलांना गोडो हे गेम बनवायचं इंजिन शिकवतो. जुन्या मराठी टिपणांतला कोड चालेना. पात्र हलवणाऱ्या ‘मूव्ह अँड स्लाइड’ फंक्शनच्या कंसात वेग दिलेला, २०२३ च्या गोडो ४ पासून तो कंस रिकामा असतो, वेग आधी ‘व्हेलॉसिटी’त भरायचा. टिपणं लगेच बदलली.

गोडोच्या मूळ संदर्भपानांतही एका फंक्शनला उदाहरण हवं होतं. इथेच नवखे अडकतात! क्लासची संदर्भपानं डॉक्सच्या (माहितीपानांच्या) रेपोत, म्हणजे फाइलींच्या ऑनलाइन साठ्यात, दिसतात खरी, पण ती इंजिनच्या रेपोतल्या ‘डॉक/क्लासेस’मधल्या एक्सएमएल फाइलींवरून आपोआप तयार होतात. पानावरच केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी पुसली जाते. म्हणून एक्सएमएल उघडलं, ‘कोडब्लॉक्स’ टॅगमध्ये जीडीस्क्रिप्ट आणि सी-शार्प, दोन्हींत उदाहरण लिहिलं, नि तेवढ्याचीच पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) टाकली. ट्युटोरियल सुधारायचं असेल तर मात्र डॉक्सच्या रेपोतली आरएसटी फाइलच (पानाचा मूळ मजकूर) उघडा.