ब्लूबेरी पॅनकेक घरी करताना हिरवट का पडतात आणि काय करायचं

आमच्या न्यू जर्सीत जून-जुलै म्हणजे ब्लूबेरीचा सीझन. हॅमंटन गावाकडे शेतात जाऊन स्वतः तोडून आणता येतात, आणि लागवडीची ब्लूबेरी मुळात इथलीच बरं का, एलिझाबेथ व्हाइट आणि फ्रेडरिक कोव्हिल या दोघांनी रानातली चांगली झुडपं निवडून, संकर करून व्हाइट्सबॉगला तिची शेती उभी केली आणि १९१६ मध्ये पहिलं पीक विकलं. एवढ्या बेरी घरात आल्या की रविवारी पॅनकेक होणारच.

साधारण आठ-नऊ पॅनकेकसाठी दीड कप मैदा, दोन टेबलस्पून साखर, दीड टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून बेकिंग सोडा, अर्धा टीस्पून मीठ. दुसऱ्या भांड्यात सव्वा कप बटरमिल्क, एक अंडं, तीन टेबलस्पून वितळवलेलं बटर. बटरमिल्क म्हणजे इथलं दाट आंबट, आपलं पाणीदार ताक चालणार नाही, भारतात असाल तर पाऊण कप आंबट दही आणि अर्धा कप दूध घुसळून घ्या, मस्त काम होतं. आंबटपणा हवाच, कारण सोडा त्याच्यावरच फुलतो. अंडं नको असेल तर दोन-तीन टेबलस्पून दूध आणि थोडी बेकिंग पावडर वाढवा, जरा कमी फुगतील पण चवीला छान लागतात.

आता ओलं मिश्रण कोरड्यात ओतायचं आणि अगदी थोडंच ढवळायचं. गुठळ्या राहू देत! खरंच राहू देत, आपल्याला धिरड्याचं पीठ गुळगुळीत करायची सवय असते म्हणून हात थांबत नाही, पण मैदा जास्त फेटला की ग्लुटेन तयार होतं आणि पॅनकेक चिवट होतात. दहा मिनिटं झाकून ठेवा, गुठळ्या आपोआप भिजतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बेरी पिठात ढवळायच्या नाहीत. ब्लूबेरीच्या सालीतला अँथोसायनिन नावाचा रंग आंबटात लालसर-जांभळा राहतो आणि सोड्याशी गाठ पडली की निळा-हिरवा होतो, त्यामुळे बेरी फुटून रस पिठात गेला की सगळं पीठ राखाडी-हिरवट दिसतं. खायला काही वाईट नसतं पण मुलं हात लावत नाहीत. म्हणून उत्तप्प्यावर कांदा टाकतो तसं करायचं, आधी पीठ तव्यावर ओतायचं आणि मग वरून बेरी पेरायच्या, प्रत्येक पॅनकेकला सात-आठ पुरे.

तवा मध्यम आचेवर नीट तापू द्या, पाण्याचा थेंब टाकला की नाचायला हवा. अगदी थोडं तेल किंवा बटर, पाव कप पीठ, लगेच बेरी. वर बुडबुडे येऊन फुटायला लागले, भोकं तशीच उघडी राहिली आणि कडा कोरड्या दिसल्या की उलटायचं, एकदाच, आणि उलथण्याने दाबायचं अजिबात नाही, नाहीतर आतली हवा निघून जाते. दुसरी बाजू मिनिट-दीड मिनिटात होते. बेरी पडलेल्या ठिकाणी साखर चिकटून करपते, म्हणून दर वेळी तवा पुसून घ्या.

फ्रोजन बेरी चालतात, फक्त वितळवू नका, सरळ फ्रीजरमधून काढून टाका. मिळाल्या तर मेन राज्यातल्या रानटी छोट्या बेरी घ्या, माझ्या मते पॅनकेकला त्याच बेस्ट, कारण मोठी बेरी फुटली की भोवतीचं पीठ कच्चट ओलं राहतं.

वरून खरं मेपल सिरप. मेपलच्या झाडाचा साधारण ४० लिटर रस आटवून एक लिटर सिरप होतं म्हणून महाग असतं, पण पॅनकेक सिरप लिहिलेली स्वस्त बाटली बहुतेक कॉर्न सिरपच असते, त्यापेक्षा नुसतं बटर आणि मध लावा.

उरलेले पॅनकेक गार करून मध्ये बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये ठेवा, शाळेच्या सकाळी थेट टोस्टरमध्ये टाकले की झालं.