साचलेले कोमट पाणी: इमारतीच्या पाणीव्यवस्थेतील लिजिओनेलाला आळा कसा घालावा

जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी शुद्ध असले, तरी इमारतीत शिरल्यानंतर त्याचे काय होते यावर त्या केंद्राचे नियंत्रण राहत नाही. पाणी टाकीत थांबते, पाइपांच्या जाळ्यातून फिरते, कुठे तापते तर कुठे आठवडेच्या आठवडे पडून राहते, आणि या मुक्कामात त्यातील क्लोरीन हळूहळू नाहीसा होतो. नेमकी हीच परिस्थिती लिजिओनेला या जिवाणूला मानवते. नद्या-तळ्यांत तो विरळ प्रमाणात असतोच, आणि तिथे त्याचा सहसा कोणाला उपद्रव होत नाही. इमारतीतील उबदार, साचलेल्या पाण्यात मात्र त्याची संख्या अनेक पटींनी वाढू शकते.

१९७६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर दोनशेहून अधिक लोक न्यूमोनियासारख्या आजाराने अंथरुणाला खिळले आणि ३४ जण दगावले. या आजाराचे कारण असलेला जिवाणू ओळखण्यास जानेवारी १९७७ उजाडावा लागला. ते माजी सैनिक ज्या ‘अमेरिकन लीजन’ संघटनेचे सदस्य होते, तिच्या नावावरून जिवाणूला लिजिओनेला हे नाव मिळाले. हा आजार एका माणसापासून दुसऱ्याला सहसा होत नाही. शॉवर, कारंजे किंवा कूलिंग टॉवर (मोठ्या वातानुकूलन यंत्रणेचे पाणी थंड करणारा मनोरा) यांतून उडणारे सूक्ष्म तुषार श्वासावाटे फुफ्फुसात गेले, की संसर्ग होतो. क्वचित पाणी पिताना ठसका लागून ते श्वासनलिकेत गेले तरी होतो. पन्नाशी ओलांडलेले, धूम्रपान करणारे, फुफ्फुसांचे जुने विकार असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले लोक यांना धोका सर्वांत जास्त असतो. म्हणून रुग्णालये, वृद्धाश्रम आणि मोठ्या निवासी इमारती यांची देखभाल करणाऱ्यांनी ही माहिती ऐच्छिक मानू नये.

पहिले काम कागद-पेन्सिलीचे आहे. पाणी इमारतीत कुठून येते, कोणत्या टाकीत साठते, कुठे तापते, कोणत्या पाइपाने कोणत्या मजल्यावर जाते आणि कोणत्या नळाशी संपते, याचा साधा आराखडा काढावा. तो काढताना जुन्या नकाशावर विसंबू नये. प्रत्यक्ष पाइपामागे चालत जावे. कारण दुरुस्त्या होत जातात, न्हाणीघरे बंद होतात, खोल्यांचा वापर बदलतो, आणि टोकाला बूच मारलेले, पुढे नळच नसलेले पाइप भिंतीत तसेच राहून जातात. त्यांतले पाणी कधीच हलत नाही, आणि शेजारून वाहणाऱ्या पाण्यात तिथले जिवाणू मिसळत राहतात. असा पाइप मुख्य वाहिनीला जिथे जोडलेला असेल, तिथूनच तो कापून काढावा. नुसते बूच घट्ट केल्याने काहीही साधत नाही.

दुसरी बाब तापमानाची, आणि माझ्या मते सर्वाधिक लक्ष इथेच द्यायला हवे. लिजिओनेलाची वाढ साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस या टप्प्यात होते आणि शरीराच्या तापमानाच्या आसपास ती सर्वांत जोमाने होते. ५० अंशांवर तो मरतो, पण त्याला काही तास लागू शकतात. ६० अंशांवर तेच काम काही मिनिटांत होते. म्हणून साठवणीच्या गरम पाण्याच्या टाकीतून बाहेर पडणारे पाणी किमान ६० अंश असावे, पाइपांतून फिरून टाकीकडे परत येणारे पाणी ५० च्या खाली जाऊ नये, आणि गार पाणी शक्यतो २० अंशांखाली राहावे. विजेची बचत म्हणून साठवणीच्या गीझरचा काटा ४० किंवा ४५ वर आणून ठेवण्याचा मोह होतो. बचतीचा हेतू चांगला असला, तरी त्या तापमानाला टाकी जिवाणूंसाठी उबवणीच ठरते. दुसरीकडे, ६० अंशांचे पाणी थेट अंगावर आले तर काही सेकंदांत भाजते. लहान मुले आणि वृद्ध यांच्या बाबतीत ही भीती खरी आहे. यावरचा मार्ग म्हणजे टाकीचे तापमान कमी न करता, गरम आणि गार पाणी मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह नळाच्या अगदी जवळ बसवणे. तो लांब बसवला, तर त्याच्यापुढचा सगळा पाइप कोमट पाण्याने भरलेला राहतो.

मोजणी अशी करावी. टाकीपासून सर्वांत दूरचा नळ निवडावा, गरम पाणी पूर्ण सोडावे, थर्मामीटर धारेत धरावा आणि एका मिनिटाने आकडा वाचावा. तो ५० किंवा अधिक असायला हवा. गार पाण्याच्या नळाला दोन मिनिटे द्यावीत. तारीख, नळाची जागा आणि आकडा वहीत लिहावा. गरम पाण्याच्या एखाद्या नळाचा आकडा महिन्यागणिक खाली येत असेल, तर कुठेतरी व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे, फिरवणारा पंप थकला आहे किंवा पाइपावरचे उष्णतारोधक आवरण निघाले आहे, हे त्या वहीतूनच कळते. उष्ण हवामानात गार पाणी २० अंशांखाली ठेवणे शक्यच नसते. तिथे टाकीवर सावली आणि आवरण असावे, टाकी गरजेपेक्षा मोठी नसावी म्हणजे पाणी लवकर बदलेल, आणि क्लोरीनचे प्रमाण नळाशी नियमित तपासावे, कारण टाकीत तो असला म्हणजे शेवटच्या नळापर्यंत पोहोचतोच असे नाही.

आता एखाद्या शॉवरची चाळणी उघडून पाहावी. आतल्या बाजूला पांढरट क्षारांचे कवच दिसेल आणि रबरी वायसरवर बोट फिरवले, तर बुळबुळीत थर लागेल. हा थर जिवाणूंचे घर असतो. त्यातील अमीबासारखे एकपेशीय जीव जिवाणू खातात, पण लिजिओनेला त्यांच्या पोटात जाऊनही मरत नाही, उलट तिथेच वाढतो. शिवाय थराच्या आत क्लोरीन नीट पोहोचत नाही. म्हणूनच पाण्यात औषध टाकले आणि काम झाले, असे समजणे चुकीचे आहे. शॉवरची चाळणी, नळाची जाळी आणि लवचीक नळी दर तीन महिन्यांनी काढून क्षार विरघळवावेत, घासून स्वच्छ करून निर्जंतुक करावेत, आणि झिजलेले रबर बदलावे. टाकीला घट्ट झाकण आणि जाळी हवी. वर्षातून एकदा ती आतून तपासावी आणि तळाशी गाळ साचला असेल तर रिकामी करून धुवावी.

न वापरलेल्या खोल्यांतील नळ आठवड्यातून किमान एकदा उघडावेत आणि तापमान स्थिर होईपर्यंत, म्हणजे काही मिनिटे, पाणी वाहू द्यावे. हे काम करणाऱ्याच्या जिवाचीही काळजी घ्यावी, कारण साचलेले पाणी तुषारांच्या रूपात बाहेर पडण्याचा तोच क्षण असतो. शॉवरची चाळणी काढून पाणी सोडावे. ती निघत नसेल, तर तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून पिशवीचा एक कोपरा कापावा आणि पाणी त्यातून हळू वाहू द्यावे. इमारत बराच काळ बंद राहिली असेल, तर नुसते नळ सोडणे पुरत नाही. सर्व टाक्या आणि पाइप निर्जंतुक करून मगच वापर सुरू करावा. टाकीसाठी क्लोरीनचे प्रमाण लिटरला ५० मिलिग्रॅम ठेवून एक तास, किंवा २० मिलिग्रॅम ठेवून दोन तास, ही प्रचलित पद्धत आहे. मात्र ते पाणी कोणाच्याही वापरात जाऊ नये आणि काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

कूलिंग टॉवर हा वेगळाच विषय आहे. त्यातून निघणारे तुषार वाऱ्याबरोबर दूरवर जातात, त्यामुळे एका इमारतीतील हयगय रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही भोवू शकते. तिथे थेंब अडवणाऱ्या पट्ट्या शाबूत आहेत का हे पाहणे, पाण्याची रासायनिक प्रक्रिया आणि ठरावीक मुदतीची साफसफाई हे प्रशिक्षित माणसाकडेच सोपवावे.

पाण्याची प्रयोगशाळेतील तपासणी उपयोगी आहे, पण ती देखभालीची जागा घेऊ शकत नाही. नमुन्याच्या बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारे द्रव्य आधीच घातलेले हवे, नाहीतर वाटेतच जिवाणू मरून अहवाल खोटा चांगला येतो. नळ उघडताच घेतलेला नमुना त्या नळाची स्थिती सांगतो, तर पाणी काही वेळ सोडून घेतलेला नमुना आतील व्यवस्थेची. दोन्ही घेतले तर दोष कुठे आहे हे उमगते. जिवाणूंची वाढ करून पाहण्याच्या पद्धतीत अंतिम अहवालाला सुमारे दहा दिवस लागतात, म्हणून संशय असेल तर अहवालाची वाट न पाहता ते शॉवर बंद ठेवावेत. आणि इमारतीतील कोणाला ताप, कोरडा खोकला आणि धाप लागली, तर डॉक्टरांना पाणीव्यवस्थेविषयीची शंका आवर्जून सांगावी. योग्य प्रतिजैविक लवकर सुरू झाले तर रुग्ण बरा होण्याची शक्यता वाढते. लक्षणे साधारणतः संपर्कानंतर २ ते १० दिवसांनी, कधी त्याहून उशिराही दिसतात, त्यामुळे मागच्या दोन आठवड्यांत ती व्यक्ती कुठे राहिली आणि कुठे आंघोळ केली, हेही त्यांना सांगावे.