ओपीडीतली रांग कमी करायचीय? आधी केसपेपरला चिठ्ठी टाचा

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सकाळी आठला जाऊन बघा. केसपेपरची खिडकी अजून उघडलेली नसते, पण तिच्यासमोर चपला, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या यांची रांग लागलेली असते. माणसं पायरीवर टेकलेली. ज्याची चप्पल पुढे, त्याचा नंबर पुढे. ओपीडीत सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालंय: डॉक्टर कमी आहेत हे खरंच आहे, पण या रांगेतला मोठा भाग आपण स्वतः लावलेला असतो. अधीक्षक, सिस्टर, फार्मासिस्ट आणि रुग्ण कल्याण समिती एकत्र बसली, तर तो नवीन पद भरायची वाट न बघता कमी करता येतो.

सुरुवात मोजण्यापासून करा. एक आठवडा प्रत्येक केसपेपरला एक कोरी चिठ्ठी टाचायची आणि प्रत्येक ठिकाणी त्यावर वेळ लिहायची. आमच्याकडे एका आजींची चिठ्ठी अशी होती: केसपेपर 8:50, डॉक्टरांच्या खोलीत 10:35, बाहेर 10:37, औषध हातात 11:40. जवळजवळ तीन तासांत डॉक्टरांसमोर दोन मिनिटं. आजी आल्या होत्या बीपीच्या नेहमीच्या गोळ्या घ्यायला. आदल्या आठवड्यातही त्या येऊन गेल्या होत्या, कारण गोळ्या सातच दिवसांच्या मिळाल्या होत्या.

चिठ्ठ्या लिहायला माणूस नसेल तर दर अर्ध्या तासाने आवारातले पेशंट मोजा, सोबतचे नातेवाईक सोडून. त्यांच्या सरासरीला तासाला येणाऱ्या पेशंटच्या संख्येने भागा. सरासरी 120 पेशंट आवारात आणि तासाला 60 नवे येत असतील, तर प्रत्येकाचे साधारण दोन तास जातात. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला हा नियम रांग बँकेची असो की दवाखान्याची, सगळीकडे लागू पडतो.

आता सगळ्यात जास्त फरक पडतो ते काम: नको असलेल्या फेऱ्या बंद करणं. समजा तुमच्याकडे बीपी-शुगरचे 300 नेहमीचे पेशंट आहेत. सात-सात दिवसांच्या गोळ्या दिल्या तर महिन्याला साधारण 1,200 फेऱ्या होतात. तीस दिवसांच्या दिल्या तर 300. महिन्यात ओपीडीचे 25 दिवस धरले तर रोजची 36 माणसं रांगेतून कमी झाली, आणि तीही कुणाचे उपचार न कापता. ज्यांचं बीपी किंवा शुगर ताब्यात नाही त्यांना डॉक्टर लवकर बोलावतीलच, हा निर्णय त्यांचाच. पण जे स्थिर आहेत त्यांना दर आठवड्याला का दमवायचं? फार्मासिस्ट म्हणतील, ‘साठा पुरत नाही.’ त्यांचं म्हणणं खोटं नसतं. म्हणून इंडेंट, म्हणजे औषधांचं मागणीपत्र, अंदाजाने भरू नका. नोंदलेले पेशंट, रोजच्या गोळ्या आणि तीस दिवस यांचा गुणाकार करा, वर थोडा राखीव साठा धरा आणि साठा संपायच्या बऱ्याच आधी मागणी पाठवा.

दुसरी वाया जाणारी फेरी लॅबची. पेशंट अकराला डॉक्टरांना भेटतो, रक्त देतो, रिपोर्ट दुपारी येतो तोवर ओपीडी संपलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीचं तिकीट, पुन्हा रोजगार बुडाला. यावर उपाय सोपा आहे. नेहमीच्या पेशंटच्या केसपेपरवर पुढच्या वेळची तपासणी आजच लिहून ठेवा. त्याने आल्या आल्या थेट लॅबमध्ये रक्त द्यायचं, मग डॉक्टरांकडे जायचं. नुसता रिपोर्ट दाखवायचा असेल तर शेवटचा अर्धा तास त्यासाठी राखून ठेवा, नवा केसपेपर मागू नका.

केसपेपरच्या खिडकीवरचा भारही हलका करता येतो. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसे घेतले जात नाहीत. सुट्ट्या पैशांची घासाघीस संपली, तेव्हा जुन्या पेशंटची नोंद दुसऱ्या टेबलावर घ्यायला हरकत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून आभाद्वारे (म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याद्वारे) टोकन घ्यायची सोय असेल तर जरूर वापरा, पण तिथे मदतीला एक माणूस उभा ठेवा. आजींकडे साधा फोन असतो, कधी तोही नसतो.

ओपीडी नऊची असेल तर नऊलाच सुरू झाली पाहिजे. मिनिटाला एक पेशंट येत असताना राउंडमुळे चाळीस मिनिटं उशीर झाला की चाळीस माणसं साचतात, आणि तो बॅकलॉग शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. दोन डॉक्टर असतील तर एकाने राउंड घ्यावा, दुसऱ्याने ओपीडीत बसावं.

फेरतपासणीच्या पेशंटला नुसती तारीख देऊ नका, ‘मंगळवार, 11 ते 12’ असं लिहून द्या. आपल्याकडे मिनिटांची अपॉइंटमेंट चालत नाही, माणसं एसटीच्या आणि वडापच्या वेळेनुसार येतात. त्यामुळे आधी ‘तुमची गाडी किती वाजता पोचते?’ हे विचारा. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि दर महिन्याच्या 9 तारखेला, म्हणजे गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी, फेरतपासणीचे पेशंट शक्यतो बोलावूच नका.

या सगळ्यात एक गोष्ट कधीही रांगेत अडकता कामा नये: छातीत दुखणारा, धाप लागलेला, तापाने मलूल झालेलं बाळ, रक्तस्राव होणारी गरोदर बाई, साप चावलेला. दारातच एक सिस्टर बसवा, तिने बघावं आणि अशा पेशंटला केसपेपरची वाट न बघता थेट अपघात विभागात न्यावं. कागद नंतर होतो.

चार आठवड्यांनी पुन्हा चिठ्ठ्या टाचा. सोमवारची तुलना सोमवारशी आणि बाजारच्या दिवसाची बाजारच्याच दिवसाशी करा. आधीची आणि आताची वेळ मोठ्या अक्षरांत लिहून केसपेपरच्या खिडकीशेजारी लावा, पायरीवर बसलेल्यांना वाचता येईल अशी.